कुणाकडे आलात?

फेब्रुवारीतला रविवार होता. पंचहौदच्या ख्रिस्ती देवळातली उपासना आटोपली, बाहेर अंगणात नेहमीच्या चौघी-पाचजणींशी बोलणं झालं आणि मी चालत स्वारगेटला येऊन हडपसरची बस पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली होती. मांडीवर पर्स, पर्सवर शास्त्राची, म्हणजे बायबलची, पिशवी आणि उन्हाचा पट्टा नेमका मनगटावर. पुलगेट गेलं. भैरोबा नाल्यापाशी बस गर्दीत अडकली आणि तिथे मनात आलं, पुढच्या स्टॉपला उतर, अक्काकडे जा. आवाज असा नव्हता. शब्दसुद्धा धड नव्हते. लग्नाच्या गर्दीत ओळखीच्या कुणी कोपराला हात लावून बाजूला घ्यावं, तसं काहीतरी. अक्का म्हणजे माझ्या जुन्या नोकरीतली सुपरवायझर. मी तिचा विचार करत नव्हते. त्या दिवशी देवळात ऐकलेल्या संदेशाचाही तिच्याशी काही संबंध नव्हता. तीन वर्षांत मी तिच्याकडे गेले नव्हते. घरी वरण-भात लावून ठेवलेला होता, मुलगी वाट बघत असणार होती. तरी बस हलली तशी मी उठून दाराशी गेले.

फातिमानगरला उतरून कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून अर्धा डझन केळी आणि चार चिकू घेतले. वानवडीच्या बाजूला आत शिरलं की जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींची एक ओळ लागते, त्यातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अक्का राहते. जिन्यात रविवारचा वास होता. कुणाकडे मटणाचा रस्सा उकळत होता, कुणाकडे नुकतीच लसणाची फोडणी पडली होती. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून दम घेतला. वर पोचले तर दाराला कुलूप. पितळी, जाडजूड, कडीत नीट अडकवलेलं. दारापुढे रांगोळी नाही, उंबऱ्याशी धुळीचा थर. समोरच्या घराची बेल वाजवली, तिथेही कुणी नव्हतं. मग मी मोबाइलवरून अक्काच्या घरचा नंबर लावला आणि दाराच्या पलीकडे फोन वाजायला लागला. बंद घरात तिचा तो जुना, खणखणीत लँडलाइन वाजत होता आणि अलीकडे मी कानाला मोबाइल लावून उभी. एका कानात मोबाइलची घंटी, दुसऱ्या कानात दाराआडची, दोन्हींमध्ये किंचित अंतर. मी बराच वेळ वाजू दिलं. खालून वॉचमनचा सात-आठ वर्षांचा मुलगा वर आला होता. "कुणाकडे आलात?" त्याने विचारलं. मी दाराकडे बोट दाखवलं. "त्या तर नाहीत," म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. त्याला दोन केळी दिली आणि मी खाली उतरले.

एवढंच घडलं. तरी ते कुलूप महिनाभर माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

बुधवारी आमची बायकांची प्रार्थनासभा असते, दर आठवड्याला एकीच्या घरी. गाणी होतात, वचन वाचलं जातं, मग साक्षी. साक्षीला एक घाट असतो आणि तो आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. मनात आलं, मी ऐकलं, उठून गेले आणि तिथे बघते तर काय. 'बघते तर काय'च्या पुढे कुणी न्हाणीघरात पाय घसरून पडलेलं असतं, कुणाच्या डब्यातलं पीठ त्याच सकाळी संपलेलं असतं. अशा साक्षी मी शेकड्यांनी ऐकल्या आहेत आणि त्या खऱ्या असतात असं मी मनापासून मानते. माझे वडील गेले त्या महिन्यात न सांगता न विचारता एका बाईंनी आमच्या दारात ज्वारीचं पोतं आणून उतरवलं होतं. त्यांनाही असंच कुणीतरी कोपराला हात लावून उठवलं होतं, आणि त्या पोत्यावर आम्ही चौघं भावंडं जगलो. म्हणून मीही त्या बुधवारी माझी गोष्ट सांगायला लागले. कुलपापर्यंत आले आणि थांबले. सगळ्याजणी पुढचं ऐकायला टपून बसलेल्या. "मग?" "मग काही नाही. काल तिच्या मुलाला फोन केला. अक्का बंगळूरला आहे त्याच्याकडे, नातवाच्या मुंजीला गेलीय. ठणठणीत आहे." खोलीत पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. मग एक भगिनी म्हणाली, "अगं, त्या पोरासाठी पाठवलं असेल प्रभूने तुला! भुकेला असेल बिचारा." सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले आणि कुणीतरी चहा टाकायला उठलं.

पण तो मुलगा भुकेला नव्हता. त्याच्या हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट होतं, मी बघितलं होतं.

त्या भगिनीचं प्रेम मला कळतं. ती मला उघडं पडू देत नव्हती. पण मला पांघरूण नको होतं. नऊ वर्षांनी पहिल्यांदा मी अशा एखाद्या सांगण्यावरून जागची उठले होते, आणि ज्याने उठवलं तो कोण होता हे मला जाणून घ्यायचं होतं. केळ्यांच्या बळावर त्याला देव ठरवायला माझं मन घेत नव्हतं, आणि कुलूप दिसलं म्हणून तो देव नव्हता असं म्हणायलाही जीभ रेटत नव्हती. आमच्या बोलण्यात दारं फार येतात. नोकरी लागली, देवाने दार उघडलं. स्थळ मोडलं, देवाने दार बंद केलं. इतकी वर्षं मीही तेच बोलत आले. आणि आता खरोखरीचं दार, खरोखरीचं कुलूप पुढे आलं तर त्याचा अर्थ लावता येईना.

आईकडे वचनांची पेटी होती. ख्रिस्ती घरातून वाढलेल्यांना ती माहीत असेल. चहाच्या डब्याएवढी लाकडी पेटी, आत सुरळी करून ठेवलेल्या बारीक चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शास्त्रातलं एक वचन. आई रोज सकाळी चुलीवर चहाचं आधण ठेवलं की डोळे मिटून एक सुरळी काढायची, वाचायची, पदराच्या टोकात बांधायची आणि दिवसभर तशीच वावरायची. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी ती गाठ सोडून चिठ्ठी परत पेटीत जायची. त्या कागदांना तिच्या पदराचा, हळदीचा आणि घामाचा वास लागलेला असे. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी चोरून पेटी उघडली. पहिल्या चिठ्ठीत वाट पाहण्याबद्दल काहीतरी होतं. मला ते नको होतं. ती मी परत खुपसली आणि दुसरी काढली. आई मागे उभी होती हे मला माहीत नव्हतं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आलेलं पत्र आवडलं नाही म्हणून पोस्टमनला दुसरं मागतात का गं?" तिच्यासारखा साधा भाव मला पुढे कधी जमला नाही. पण त्या पेटीत बोट घालून आपण आपलं नशीब चाचपतो की देवाचं ऐकतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यात आहे.

1981 साली मी टेलिफोन खात्यात लागले, ट्रंक बोर्डावर. आजच्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते सांगावं लागतं. माणूस नंबर बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट नाहीतर लाइटनिंग, आणि मग तासन्तास घरात बसून घंटीची वाट बघायचा. आम्ही कानाला हेडसेट लावून ओळीने बसायचो. समोर जॅकची भिंत, हातात दोऱ्या, बोटांच्या टोकांना पितळेचा वास. बोर्डावर दिवा लागला की दोरी खोचायची, तिकिटावर वेळ लिहायची, पलीकडच्या गावच्या ऑपरेटरला हाक घालायची. पहिले काही आठवडे मी रोज रडले, कारण मला ऐकूच यायचं नाही. लाइनवर सतत खरखर, त्यातून नऊ की नव्वद, सातारा की सासवड, काही कळायचं नाही. अक्का आमची सुपरवायझर. सोलापूरकडची, जाड काचांचा चष्मा, बोर्डाच्या कडेला विठोबाचं नखाएवढं चित्र चिकटवलेलं. ती माझ्या मागे उभी राहून दुसऱ्या हेडसेटवर तोच कॉल ऐकायची. तिला नंबर कळलेला असायचा, मला माहीत होतं. पण ती कधी तो सांगायची नाही. फक्त म्हणायची, "पुन्हा ऐक." एकदा चिडून मी विचारलं, या आवाजात ऐकू तरी काय? तर म्हणाली, "आधी खरखर ऐक. सोलापूरची लाइन पावसाळ्यात घुमते, नागपूरची मागून प्रतिध्वनी देते. ती तुझ्या कानाला ओळखीची झाली की माणूस आपोआप वेगळा पडतो." आणि ते खरं होतं. वर्षभरात मी बोलणाऱ्याला 'हॅलो'च्याही आधी, त्या पहिल्या श्वासावर ओळखायला लागले. कानात तसा काही फरक पडलेला नव्हता, रोज आठ तास त्यांच्याबरोबर बसून बसून ते आलं.

एका रात्री जोराचा पाऊस होता, लाइन इतकी खराब की दोन्हीकडच्यांना एकमेकांचं काही कळेना. अशा वेळी आम्ही मधे बसून निरोप पोचवायचो, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. पलीकडून एक म्हातारे गृहस्थ काहीतरी म्हणाले. अर्धं ऐकू आलं, उरलेलं मी अंदाजाने भरलं आणि अलीकडच्या मुलाला सांगितलं, "उद्या या म्हणतायत." ते "उद्या येऊ नका" म्हणाले होते. पुलावरून पाणी चाललं होतं. अक्काने ते ऐकलं आणि तिथल्या तिथे लाइनवर येऊन निरोप दुरुस्त केला. मग ड्यूटी संपल्यावर मला जिन्यात थांबवून म्हणाली, "जे ऐकलं नाहीस ते सांगायचं नाही. 'ऐकू आलं नाही' म्हणायला लाज कसली?" त्या जिन्यातल्या पिवळ्या दिव्याखाली तिचा चेहरा कसा होता ते मला अजून दिसतं.

हे मी विसरले. आणि जिथे विसरायला नको होतं तिथेच विसरले.

माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मंडळीतले एक वडीलधारे घरी आले. त्यांच्या प्रार्थनेवर आमचा सगळ्यांचा विश्वास. पाणी प्यायले, डोळे मिटून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "मला प्रभूने दाखवलं आहे. हेच घर." मी हात जोडले. मुलगी रात्री माझ्या अंथरुणाशी येऊन बसली. म्हणाली, "आई, मला अजून कळत नाहीये. मी प्रार्थना करते, पण आतून काही येत नाही." मी तिला म्हटलं, "कळायचं काय राहिलंय? देवाने सांगितलंय." दोन वर्षांनी ती दोन सुटकेस घेऊन परत आली. त्या दोन वर्षांत तिने काय सोसलं ते तिचं आहे, मी इथे लिहिणार नाही. आल्यावर बरेच दिवस ती काही बोलली नाही. मग एकदा भाजी निवडताना, मान वर न करता तिने विचारलं, "आई, तुला देवाने सांगितलं होतं, की काकांनी?" मेथीची जुडी माझ्या हातात होती. ते गृहस्थ खोटं बोलले असं मी आजही म्हणत नाही. त्यांना तसं वाटलं असेल. पण मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. मी माझ्या लेकीला न ऐकलेला निरोप पोचवला होता, आणि खाली देवाची सही केली होती.

देवाने एकाला सांगितलं की त्याची वाट दुसऱ्या कुणाला तरी चालावी लागते, हे आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना काही नवीन नाही. 1895 साली ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायला पुढे पाच वर्षं गेली आणि ती पाच वर्षं त्यांची त्यांनी काढली, आपल्या शंका घेऊन, आपल्या पायांनी. नवऱ्याने ऐकलं म्हणून त्यांनी आपण ऐकल्याचं सोंग केलं नाही. माझ्या मुलीने त्या रात्री तेच केलं होतं. "आतून काही येत नाही" एवढं खरं वाक्य त्या दिवसात आमच्या घरात दुसरं कुणी बोललं नव्हतं, आणि मी ते खोडून काढलं.

त्यानंतरची नऊ वर्षं मी देवळात जात होते, गात होते, घरी रोज सकाळी गुडघे टेकत होते. फक्त आमेन म्हटलं की लगेच उठायचे. आमेननंतरची ती दोन मिनिटं मला नको असायची. कारण तेव्हा घर शांत असतं आणि त्या शांततेत कुणी बोललं तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायची हिंमत माझ्यात नव्हती.

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना किती वेळा शिकवली असेल. मंदिरात झोपलेलं पोर, रात्रीची हाक, ते उठून तीनदा म्हाताऱ्या एली याजकाकडे धावतं, "मला बोलावलंत?" आम्ही ती गोष्ट नेहमी मुलाच्या बाजूने सांगतो. आता मला त्यातला म्हातारा दिसतो. एलीची नजर मंदावलेली आहे, त्याची स्वतःची मुलं वाया गेली आहेत, देवाने त्याच्याशी बोलून किती काळ लोटला कुणास ठाऊक. पण तिसऱ्या खेपेला त्याला उमगतं की हाक कुणाची आहे. आणि तो काय करतो? हाक मारणाऱ्याचं म्हणणं काय असेल ते तो सांगत नाही. जा, झोप, पुन्हा हाक आली तर ऐकतोय म्हण, एवढंच. सकाळी जो निरोप येतो तो त्याच्याच घराण्याच्या विनाशाचा असतो, आणि तो पोराला म्हणतो, काही लपवू नकोस. पुन्हा ऐक म्हणणारी माणसं अशी असतात. माझ्या मुलीला त्या रात्री एली हवा होता आणि तिला मी मिळाले.

मागच्या पावसाळ्यात आम्ही मायलेकी केडगावला गेलो होतो. हडपसरहून दौंडच्या गाडीत बसायचं, लोणी, उरुळी, यवत करत जायचं, दोन्हीकडे उसाची शेतं. माझी पणजी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या त्यातली ती एक. मराठी तिची मायबोली नव्हती, ती तिथे येऊन शिकली, आणि मग तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला बसली. रमाबाई आयुष्याच्या अखेरीपर्यंत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल असं, आणि ते काम त्या मुलींच्या हातून छापलं जात होतं. शिशाचा एकेक उलटा खिळा उचलायचा, ओळ भरायची. पणजीच्या बोटांची टोकं शेवटपर्यंत काळसर राहिली असं आजी सांगायची. घरात आम्ही हे अभिमानाने सांगतो. पण त्या दिवशी तिथल्या आवारात उभी असताना मला वेगळीच गोष्ट टोचत राहिली. रमाबाईंना नीट ऐकू येत नव्हतं. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, आणि कानांनी दगा दिला म्हणून वैद्यकीचा अभ्यास राहून गेला. तीन वर्षांनी त्या अमेरिकेत गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. आपल्या हातून निसटलेली पदवी दुसरीच्या हातात पडताना त्यांनी समोर बसून पाहिली. पुढे शारदा सदन झालं, मुक्ती झालं, हजारो मुली वाचल्या, म्हणून आज आपण सहज म्हणतो की देवाने एक दार बंद करून दुसरं उघडलं. पण आपण गोष्ट शेवटाकडून वाचतो. त्या सभागृहात बसलेल्या बाईला यातलं काहीच दिसत नव्हतं. तिला फक्त कुलूप दिसत होतं. आणि बाप्तिस्मा झाल्यावर आठेक वर्षांनी त्यांना कळलं, आणि पुढे त्यांनीच ते कबूल केलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विदुषी, एवढी प्रार्थना करणारी बाई, आणि ऐकू यायला तिलाही इतका वेळ लागला. हे मी मुलीला गाडीत सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग आपल्याला लागला तर बिघडलं कुठे?" 'आपल्याला' म्हणाली ती. मी तो शब्द उरुळी येईपर्यंत मनात धरून बसले.

नगर रोडवर जेझुइट या कॅथोलिक संघाच्या फादर लोकांचं मोठं आवार आहे, झाडांनी भरलेलं. आम्ही त्यांच्या पंथातले नाही, पण एका मैत्रिणीबरोबर मी तिथे एक दिवस मौनाला गेले होते. तिथल्या फादरांनी त्यांच्या संघाच्या संस्थापकाची, इग्नेशियसची गोष्ट सांगितली. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचायला शौर्याच्या कथा मागितल्या, तर घरात निघाली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. मग तो दिवसभर कल्पना करत राही, कधी सरदारकीच्या आणि एका सुंदर स्त्रीच्या, कधी संतांसारखं जगण्याच्या. दोन्हीत रमायचा. पण पहिल्या विचारातून बाहेर आला की तोंड कोरडं पडायचं, दुसऱ्यातून आला की आनंद मागे रेंगाळायचा. आधी लक्षात यायला त्याला दिवस लागले, मग त्याने तोच माग धरला. मला हे फार पटलं, कारण हे कानाचं काम आहे, बोर्डावरचं काम आहे. त्या गृहस्थांनी "हेच घर" म्हटलं तेव्हा मागे काय उरलं होतं? धडधड. घाई. लोकांना कळवायची उतावीळ. बसमधून उतरले तेव्हा? घाई नव्हती. आणि कुलपासमोरून परतताना जिन्यात मला लाज वाटली होती, गोंधळ वाटला होता, पण त्यांच्या खाली काहीतरी न हललेलं होतं. भरलेल्या माठाला हात लावल्यावर लागतं तसं, गार.

बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातल्या दोन ओळी तेव्हापासून मला सोडत नाहीत. त्रोवस गावात तो सुवार्ता सांगायला जातो, प्रभूने तिथे त्याच्यासाठी दार उघडलेलं आहे असं तो स्वतःच लिहितो, आणि पुढच्याच वाक्यात म्हणतो की तीत नावाचा सोबती भेटला नाही म्हणून मनाला चैन पडेना, तेव्हा निरोप घेऊन निघालो. उघडं दार सोडून तो गेला, एका माणसाच्या काळजीने. चुकला का? त्याने लिहिलेलं नाही. मी चाळीस वर्षं ते पत्र वाचतेय आणि ते दार मला दिसलं नव्हतं.

आणि होरेब डोंगरावरचा एलीया संदेष्टा. वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतर ती शांत, मंद वाणी. त्या वाणीवर मी किती संदेश ऐकले असतील. पण ती आल्यावर पहिलं काय विचारते ते कुणी फारसं सांगत नाही. ती विचारते, तू इथे काय करतोस? गुहेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, चेहरा झग्यात लपेटलेल्या माणसाला. कुठे जा ते मागाहून येतं.

मार्चच्या अखेरीला एका दुपारी मोबाइल वाजला. मी आमेननंतर तशीच बसले होते, अलीकडे बसते. उचलला. पलीकडे अजून कुणी बोललं नव्हतं, एक श्वास झाला होता फक्त, आणि मी म्हटलं, "अक्का."

"कान शाबूत आहेत तुझे," ती म्हणाली. "काल रात्री आले बंगळूरहून. मुलगा म्हणाला तू विचारत होतीस. पण इथे फोनच्या खिडकीत त्याच्याही आधीचा तुझा नंबर दिसतोय. रविवार, साडेबारा. तेव्हा काय काम होतं?"

लाइनवर बारीक गुणगुण होती. काहीतरी सहज सांगून मोकळं होता आलं असतं. आठवण आली होती, जवळून जात होते. मी ऐकलं तेवढंच सांगितलं. "काम काही नव्हतं, अक्का. बसमध्ये होते. देव उतर म्हणतोय असं वाटलं. तुझ्याकडे जा म्हणतोय असं. उतरले, तर कुलूप होतं. तो देवच होता का ते मला अजून कळलेलं नाही."

ती लगेच काही बोलली नाही. बोर्डावर नवीन मुलीच्या मागे उभी राहून ती अशीच गप्प राहायची.

"मग आता ये," ती म्हणाली. "आता आहे मी घरात. आणि केळी आणू नकोस, मला शुगर निघालीय."

मुलगी आतल्या खोलीत होती. तिला हाक मारून विचारलं, येतेस का अक्काकडे. ती ओढणी घेऊनच बाहेर आली. फातिमानगरच्या कोपऱ्यावर त्याच हातगाडीवरून आम्ही पेरू घेतले, थोडे कच्चेच, अक्काला तसे आवडतात.